बोक्याचा भुसा

४ फेब्रुवारी
आलं: लाकडी भुशाच्या गोळ्या, एक पोतं — साडेसहाशे. जाळीचं फावडं — एकशे दहा. खाणार कोण? कोणी नाही. बोका त्यात मुतणार!

मागवणार सूनबाई. "आई, हे नैसर्गिक असतं. धूळ नाही, वास नाही." सुतार हाच भुसा झाडून उकिरड्यावर टाकतो. पोत्यावर हिरवं पान छापलं की झाला नैसर्गिक!

५ फेब्रुवारी
बोक्याच्या शी-शूच्या पेटीतली गोळी भिजली की फुगून तिचा भुगा होतो. तो चाळून काढायचा. हे काम चिरंजीवांचं. ऑफिसला जाण्याआधी बाह्या सारून मांजराची घाण वेचतात! सूनबाई पेटीला शिवत नाहीत — पोटुशीनं मांजराच्या पेटीजवळ जायचं नाही, अशी डॉक्टरीणबाईंची मनाई. चिरंजीव पोटात असताना मी शेणाच्या पाट्या उचलल्या. पण हिचं दोनदा पोटातलं गेलंय, आता कुठे चौथा लागलाय. म्हणून तोंड मिटून आहे.

९ फेब्रुवारी
एवढा महागाचा भुगा रोज फेकून द्यायचा! जीव तुटतो. पोत्यावर ठळक छापलंय, मातीत मिसळून उत्तम खत होतं. मॅट्रिक झालेय, मला वाचता येतं. खाली बारीक अक्षरांत आणखी काही होतं, पण चष्मा आत राहिला होता.

दिसली तेवढी घाण वेगळी काढली. बाकी भुगा कोथिंबिरीच्या कुंडीत.

हे बघत होते. "अगं, बोक्याचं मूत कोथिंबिरीला?"

"मग शेणखत काय अत्तर असतं?"

पेपरात तोंड खुपसून बसले.

२२ फेब्रुवारी
कोथिंबीर काय तरारलीय! सूनबाईंच्या पोटात अन्न ठरत नाही, पण येता-जाता कुंडीतली पानं खुडून तशीच तोंडात टाकतात. "आई, बाजारच्या कोथिंबिरीला ही सर नाही." लोणी लावणं चाललंय, कळतं मला. खाऊ दे. तेवढंच पोटात जातंय. देवा, या खेपेला तरी नीट पार पाड रे.

२३ फेब्रुवारी
बोक्यानं उंदीर खाल्ला. शेपटी माझ्या चपलेत! म्हणे शिस्तीचा प्राणी.

१० मार्च
चार दिवस सूनबाईंच्या अंगात कणकण, मानेला गाठी. मी म्हटलं, नाजूकपणाचा हा नवा प्रकार. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि तडक परगावच्या मोठ्या इस्पितळात धाडलं. चिरंजीव कपडे न्यायला आले. चेहरा पांढराफटक.

"आई, मांजराच्या घाणीतून होतो हा आजार. बाळापर्यंत पोचू शकतो. पण हिनं पेटीला बोटसुद्धा लावलेलं नाही! डॉक्टर पुन्हा पुन्हा तेच विचारतात, कच्चा पाला न धुता खाल्ला का? ही म्हणते, बाहेरचं काही खाल्लं नाही. फक्त घरचं."

पिशवी भरून दिली. तो गेला.

११ मार्च
फोन हातात घेतला, ठेवला. तीनदा. शेवटी चिरंजीवांना इस्पितळाच्या पत्त्यावर पत्र टाकलं — डॉक्टरांना सांग, पेटीतला भुगा कुंडीत मी घातला. तिलाही सांग, माझं नाव घेऊन सांग. बाळाचं काय म्हणतात ते उलट टपाली कळव.