याईर गप्प कसा राहिला?

मंगळवार, संध्याकाळ. मरोळ.

संडे स्कूलमध्ये ही गोष्ट मी वीस वर्षं शिकवतेय. याईरची मुलगी मरणाला टेकलेली. येशू तिच्याकडे निघतो, पण वाटेत त्याच्या वस्त्राला शिवलेल्या आजारी बाईसाठी थांबतो. मी मुलांना त्या बाईचाच विश्वास सांगत आले. याईरचं काय झालं असेल, कधी मनातच आलं नाही.

आज सकाळी रियाला, माझ्या लेकीला, तपासायला येणारा डॉक्टर शेजारच्या खाटेवरच्या आजींपाशी थांबला. मी ओरडले, "अहो, माझी पोर आधी बघा ना!" आजींनी त्याचा धरलेला कोट सोडला. म्हणाल्या, "जा बाबा, तिच्याकडे जा."

याईर गप्प कसा राहिला? की तोही ओरडला, आणि लिहिणाऱ्याने ते गाळलं?

रियाचा ताप उतरला. आजींची खाट दुपारपासून रिकामी आहे. कुठे नेलं, विचारायची हिंमत होत नाही.