पोकळ वाजणारा खडक

सोमवार, ५ तारीख
नातीच्या कॉलेजची सहल, पोवळ्याचे खडक आणि जीवाश्म बघायची. स्वयंपाकाची बाई ऐनवेळी फिरली, म्हणून माझी वर्णी लागली. बेट एवढंसं, पण हवा झकास. दोन खोल्या, एक कोठी, चांगला पेटणारा स्टोव्ह. माणसं चारच: सर, लांब्या आणि चष्मिस ही तिच्या वर्गातली दोन पोरं, आणि माझी नात. फोन लागत नाही, तेही बरंच. होडीवाला रविवारी न्यायला येईल. सरांनी सगळ्यांना वह्या वाटल्या, रोज लिहायचं म्हणे. मी म्हटलं, मी चौथी नापास. सर म्हणाले, आजी, तुम्हीही लिहा. लिहिते, माझं काय जातंय.

मंगळवार, ६
सकाळी ओहोटी लागल्यावर मीही गेले. जीवाश्म म्हणजे दगड झालेला जीव. काठावरच्या कोरड्या खडकावर हातोडीने हलकं ठोकायचं आणि कान लावायचा. भरीव वाजला तर सोडायचा. पोकळ वाजला तर छिन्नी लावून दोन घाव. निघालेल्या तुकड्यावर पांढऱ्या रंगाने नंबर टाकून कापसात ठेवायचा. पाण्यातल्या जिवंत पोवळ्याला मात्र हात लावायचा नाही, असा सरांचा नियम. हे जीव लाखो वर्षांपूर्वीचे, असं सर सांगत होते. चष्मिस म्हणाला, आजींना विचारा, ओळखीचे असतील. मी म्हटलं, तुझा आजा सापडला की कळवते. नात पोट धरून हसली. आईबाप नाहीत तिला, मीच वाढवली. घोर लावते, पण हुशार आहे.

बुधवार, ७
नियम सरांनीच मोडला. पाणी फार मागे गेलं आणि एक गोल खडक उघडा पडला. सर म्हणाले, मेलेला आहे. मी हात लावला तर गाभण गाईच्या पोटासारखा कोमट. तसं बोलले, तर म्हणे, आजी, उन्हाने तापलाय. शिकलेल्या माणसाशी कोण डोकं लावणार. लांब्याने ठोकला, पोकळ वाजला. दोन घावांत फुटला आणि आतून पिठासारखी धूळ उडाली. सर, लांब्या, चष्मिस, तिघांच्या नाकातोंडात गेली. मी लांब होते. नात म्हणते, तीही लांबच होती.

गुरुवार, ८
जेवायला कोणी बसेना. सर ताट ठोकून ऐकतात, भिंत ठोकतात, मग स्वतःचा गुडघा. लांब्याची कातडी कोपरापासून पांढरी, खडबडीत. दुपारी सर चष्मिसला म्हणाले, पाठ इकडे कर. त्याने केली. मला वाटलं थट्टा चाललीय. सर हातोडीने मणका ठोकत खाली गेले, एका जागी थांबले, मान हलवली. लांब्याने छिन्नी धरली. पहिल्या घावाला पोरगा ओरडलासुद्धा नाही. दुसऱ्याला फासळी बाहेर आली. सरांनी ती धुतली, नंबर टाकला, कापसात ठेवली. चष्मिस अजून जिवंत होता. विचारत होता, अख्खी निघाली का.
उकळतं पातेलं सरांच्या तोंडावर ओतलं आणि नातीला कोठीत ओढलं.

शुक्रवार, ९
दाराला पोती लावलीत. ते दार तोडत नाहीत. ठोकतात आणि ऐकतात. सकाळी लांब्याचा हात फटीतून आत आला. कोयत्याने तोडला. रक्त नाही — आत नुसती पांढरी भोकं. तुटलेली बोटं जमिनीवर टकटक करत राहिली. चेचून काढली.

शनिवार
बाहेर सर लांब्याला फोडतायत. नंबर मोठ्याने म्हणतात. बारा — तेरा — आता गप्प.
उद्या होडी. चष्मिसचा आवाज गुरुवारी रात्रीच थांबला. आता सर एकटेच उरलेत, त्यांना मी पुरून उरेन. नात भिंतीकडे तोंड करून बसलीय. पाणीही नको म्हणते.

रविवार
दार उघडलं, सरांच्या डोक्यात वरवंटा घातला. तीन वेळा. कवटी मडक्यासारखी फुटली.
होडीचा आवाज येतोय. नातीला म्हटलं, चल. उठेना. बाही वर केली —
कोपर पांढरं.
लांब नव्हतीच ती. मला घोर नको म्हणून खोटं बोलली, गाढव पोर.
कोयता हातात घेतला. खाली ठेवला. पुन्हा घेतला — नाही जमत.
ती माझ्यामागे येऊन बसलीय. पाठीवर बोटांनी ठोकतेय, हलकेच. म्हणते, आजी, हलू नकोस, ऐकू दे.
होडीवाला हाका मारतोय. त्याला ओरडून सांगायला हवं, उतरू नकोस — पण पोरीची बोटं आत्ताच एका जागी थां