होडीवर चपला नाहीत

३ नोव्हेंबर
“हे चित्र तू कुठे लावशील?” नंदिता मॅडमनी दुपारी मला विचारलं, आणि तिथेच सगळं बदललं. तोवर मी नुसता टेम्पो आणि सुतार जमवणारा गाववाला. म्हटलं, खिडकीतनं खाडी दिसते, तिच्यासमोर लावा, पाण्याला पाणी दिसू दे. मॅडमनी स्वतः चित्र उतरवून तिकडे नेलं. देशोदेशी प्रदर्शनं मांडलेली बाई! रेवस रस्त्यावरचा बंद बर्फाचा कारखाना, जिथे हे प्रदर्शन भरणार, आज मला आपल्या मालकीचा वाटला.
एसवायला कॉलेज सोडलं तेव्हा जे जे बोलले, ते सगळे आठवले. बघा म्हणावं आता.

५ नोव्हेंबर
मी सहायक क्युरेटर. मॅडमनी सगळ्यांसमोर सांगितलं. कुठली वस्तू कुणाशेजारी ठेवायची, कुणाची गोष्ट कुणाला कशी सांगायची, हे आपलं काम. आई शेजारी सांगून आली, “पोरगा डेकोरेशनमध्ये हाय.” पप्पा ट्रक धुताधुता, “म्हंजे मांडववाला.” भांडलो. जेवलो नाही. मग जेवलो.
कोळीवाड्यातल्या सायलीला मेसेज केला. तिने अंगठा पाठवला. नुसता अंगठा! तरी झोपेपर्यंत त्याच्याकडेच बघत…

८ नोव्हेंबर
तेरेझा आली. पोर्तुगालची चित्रकार, तिचंही गाव मच्छीमारांचं. तिला जुन्या होडीचं लाकूड हवं. माझ्या डोक्यात एकच होडी: पांडू तांडेलांची ‘धनलक्ष्मी’. दुरुस्तीपलीकडे गेली म्हणून खोलून परसात ठेवलेली. आणि पांडू तांडेल म्हणजे सायलीचे बाबा. ते कोळी, आम्ही आगरी, त्यात मी कॉलेज सोडलेला. तरी गेलो.
तांडेलांनी फळीवरून हात फिरवला. मग, “ने. पन तिच्यावर पायतान लागता कामा न्हाय. तिनं आमाला पोसलंय.” माझ्या हातात नारळ देऊन शब्द घेतला. सायली दारात. निळा ड्रेस. एकदाच बघितलं माझ्याकडे, पण बघितलं.

१४ नोव्हेंबर
डोकं फिरलंय. तेरेझा फळ्या जमिनीवर अंथरणार. लोकांनी त्यावरून चालायचं म्हणे. बुटांसकट! मी म्हटलं, जमणार नाही, शब्द दिलाय. मॅडम म्हणाल्या, “कलाकाराचा निर्णय आहे. आपण मध्ये पडायचं नाही.” मग आपण आहोत कशाला? तोंडावर बोललो. सगळे जेवायला गेले तसं कारखान्याला कुलूप ठोकलं, चावी खिशात टाकली आणि जेट्टीवर जाऊन बसलो. लाँच आली, गेली. नोकरी गेलीच असं धरलं. पण तांडेलांसमोर कुठल्या तोंडाने जाऊ? आणि तिच्यासमोर?
उन्हं उतरल्यावर तेरेझा शोधत आली. हात पुढे करून म्हणाली, “शावे.” चावी मागतेय, कळलं. दिली नाही. अर्धं इंग्रजी अर्धं मराठी ओरडलो, होडी घर चालवते, तिच्यावर चढायचं तर अनवाणी. ती शेजारी येऊन बसली. मग मोबाईलवर तिच्या आजोबांच्या होडीचा फोटो दाखवला. पुढच्या टोकावर दोन मोठे डोळे रंगवलेले. म्हणाली, आमच्याकडे होडी डोळ्यांनी बघते.
तिथेच बूट काढले तिने. हातात धरून, खडे टोचत, कारखान्यापर्यंत माझ्याबरोबर अनवाणी आली. हसू पण येत होतं मला.

१५ नोव्हेंबर
ठरलं. फळ्या जमिनीवरच, चपला दाराबाहेर. ही माझी अट, तेरेझाने उचलून धरली. मॅडम रागातच, “मध्ये पडून दोघांचं मन राखलंस. ह्यालाच क्युरेटर म्हणतात. कुलूप सोडून.” कुलूप सोडून!

२२ नोव्हेंबर
उद्घाटन. मुंबईची माणसं लाँचने आली, दाराबाहेर महागड्या बुटांचा ढीग. एक बडे गृहस्थ तसेच आत निघाले. आडवा झालो. “साहेब, बूट.” त्यांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी माझ्याकडे. साहेब वाकून नाड्या सोडायला लागले.
तांडेल आले, सायलीला घेऊन. फळीला हात लावून कपाळाला लावला. सुकाणू असायचं त्या टोकाला जाऊन मांडी घालून बसले. कुणी पाऊल टाकेना. भिंतीवरची पाटी मी लिहिलेली, मराठी वर, तेरेझाने केलेलं पोर्तुगीज खाली: होडीचं नाव, तांडेलांचं नाव. ती वाचली त्यांनी, दोनदा. “म्हाताऱ्या होडीचं लगीन लावलंस रं,” म्हणाले. सायली हसली. माझ्याकडे बघून.
छाती एवढी फुगली की शर्टाचं बटण…

३० नोव्हेंबर
काल प्रदर्शन उतरवलं. तेरेझाला ‘धनलक्ष्मी’ तिच्या गावी मांडायचीये, आजोबांच्या होडीशेजारी. मॅडम म्हणतात, मांडायला तूच जा, उद्या उत्तर दे. म्हटलं, आधी होडीच्या मालकांना विचारतो. सायलीकडून निरोप पाठवला.
आत्ता तिचा फोन. “बाबांनी संध्याकाळी बोलवलंय. तुझ्या पप्पांना घेऊन ये.”
“होडीसाठी पप्पा कशाला?”
“मला काय म्हाईत.” पण फोन ठेवला नाही तिने. मीही नाही.
पोर्तुगालचं विचारावं, तर तिला मागणी घालायचं राहील. तिचं विचारावं, तर… तांडेलांना ओरडायचं पण असेल. ओरडायला बापाला कोण बोलावतं?
पप्पांनी पांढरा शर्ट घातलाय, ट्रक चालू करून हॉर्न मारतायत. “काय बोलायचं ते शिकव रं, मांडववाल्या!”
नारळ घेतला. निघालो. दार ओढून घेतो.