प्लॅटिनम सभासदाचं विलीनीकरण

९ जानेवारी
पेपरात मोठी बातमी. आमची निळी एअरलाइन आणि ती लाल एअरलाइन एक होणार. ऑफिसात कुणाच्याही चेहऱ्यावर काही फरक नाही. सिक्युरिटीपाशी पट्टा कधी काढायचा हे ज्यांना कळत नाही, त्यांना विलीनीकरण काय कळणार? मी निळीचा प्लॅटिनम सभासद आहे. आठवड्यातून दोनदा विमानाने जातो, कारखान्यांना वजनकाटे विकतो आणि परत येतो. निळी सोडून दुसऱ्या विमानात आजवर पाय ठेवलेला नाही.
लालचे प्रवासी विमान थांबायच्या आत उठून उभे राहतात म्हणे. त्यांना आता शिस्त लावावी लागेल. तेही शेवटी आमच्यावरच येणार.

१२ जानेवारी
बायकोने पुन्हा विषय काढला. मुलीची बाळंतपणाची पहिली वेळ, मे महिन्यातली तारीख, निळीच्या साठलेल्या पॉइंट्सवर दोघांचं तिकीट आत्ताच काढून टाका. मुलीचं गाव रेल्वेने दीड दिवसावर, म्हणून ही घाई. तिला शांतपणे समजावलं, की दोन कंपन्या एक झाल्या की विमानं दुप्पट, मार्ग दुप्पट, म्हणजे पॉइंट्सची किंमतही दुप्पट. आत्ता खर्च करणं हा शुद्ध गाढवपणा. मे महिन्यात तुला बिझनेस क्लासमधून नेईन, असा शब्द दिला.
ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. भारावली असावी.

२३ जानेवारी
विलीनीकरणाला मंजुरी द्यावी का, यावर स्पर्धा आयोगाने प्रवाशांची मतं मागवली आहेत. रविवार सगळा त्यात घालवला. विलीनीकरण झालंच पाहिजे असं सविस्तर पत्र लिहिलं. खाली सही, सहीखाली ‘प्लॅटिनम’. अशी पत्रं वरपर्यंत जातात. नव्या कंपनीला उद्या कळेलच, की कठीण काळात पाठीशी कोण उभं राहिलं.

६ फेब्रुवारी
अकाउंट्सच्या बाईंशी वाद. या बाई विमानात बसतात ते फक्त कंपनीच्या वार्षिक सहलीला, तेही डोळे मिटून. तरी मत आहे. म्हणाल्या, आपल्या मार्गावर दोनच एअरलाइन्स आहेत. एकीने भाडं वाढवलं की लोक दुसरीकडे पळतात, या धाकाने दोघी सरळ वागतात. एक झाल्यावर धाक कुणाचा?
मी सांगितलं, मी कधीच दुसरीकडे पळालेलो नाही.
‘‘तुमचा धाक कुणालाच नव्हता,’’ बाई म्हणाल्या. ‘‘जे पळत होते, त्यांच्यामुळे तुम्हाला भाडं परवडत होतं.’’
निष्ठा म्हणजे काय हे व्हाउचर तपासणाऱ्यांना समजावण्यात अर्थ नाही. चहा अर्धा टाकून उठलो.

१९ फेब्रुवारी
मेव्हणा जेवायला आला होता. त्याच्याकडे निळीचं साधं सिल्व्हर कार्ड. तेसुद्धा तो पाकिटात लायब्ररीच्या कार्डामागे ठेवतो. विलीनीकरणाच्या आधीच आपले सगळे पॉइंट्स वापरून मोकळा झालो, असं हसत सांगितलं. कशावर वापरले ते विचारलं नाही. सूटकेस नाहीतर टोस्टर घेतला असणार, दुसरं काय. या माणसाला दूरदृष्टी अशी कधी नव्हतीच. बायको ताट वाढताना उगाच हसली. भावाची कीव आली असेल.

११ मार्च
आयोगाची मंजुरी आली! आदेशात एक वाक्य आहे: ‘काही नियमित प्रवाशांनी विलीनीकरणाचं स्वागत केलं आहे.’ हे ‘काही’ म्हणजे मीच. साहेबांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून, तुम्हाला रविवारी दुसरं काम नसतं का, असं विचारलं. मत्सर.

१ एप्रिल
दोन्ही कंपन्या आजपासून एक. सकाळी उठून आधी ॲप उघडलं. पॉइंट्स चौथ्या हिश्शावर आलेले दिसले. कार्डावर ‘प्लॅटिनम’ नाही. ‘मित्र’ असं लिहिलं आहे.
संगणकाची चूक. एवढ्या मोठ्या कामात पहिल्या दिवशी असं होतंच.
बायकोला सांगितलं नाही. चूक दुरुस्त झाल्यावर सांगायला काय झालं.

४ एप्रिल
कॉल सेंटर. तिथली मुलगी गोड बोलली. चूक नाही म्हणाली. चार जुन्या पॉइंट्सचा एक नवा असाच नियम आहे. दर्जाही आता किती प्रवास केला यावर नसून तिकिटावर किती खर्च केला यावर ठरतो, आणि माझी तिकिटं स्वस्तातली. मी आयोगाला लिहिलेल्या पत्राबद्दल सांगितलं. तिने पत्राबद्दल आभार मानले आणि आजच्या सेवेला पाच तारे द्याल का, असं विचारलं. दिले. मुलीचा काय दोष?
मे महिन्याचं तिकीटही विचारून घेतलं. त्या मार्गावर पॉइंट्सच्या सीट्स नाहीत. कधी येतील तेही माहीत नाही. हे ‘सध्या’पुरतं आहे. मोठी कंपनी बस्तान बसवायला वेळ घेते.

१० एप्रिल
साखर कारखान्याचे खरेदी अधिकारी माझ्याच विमानाला होते. मोठी ऑर्डर तोंडावर आलेली. म्हटलं चला साहेब, लाउंजमध्ये निवांत बसून बोलू. दारावरच्या बाईंनी माझं कार्ड मशीनवर ठेवलं. लाल दिवा. पुन्हा ठेवलं. पुन्हा लाल. ‘मित्र’ सभासदांना आत सोडत नाहीत, पण बाहेरच्या दुकानात कॉफीवर सवलत आहे, असं त्यांनी मोठ्याने सांगितलं. मागे रांग होती.
तेवढ्यात आमच्या स्पर्धक कंपनीचा तो लांब कल्ल्यांचा सेल्समन आला. जुना लालवाला, महागडी तिकिटं काढणारा. त्याच्या कार्डावर एक पाहुणा चालतो. तो अधिकाऱ्यांना घेऊन आत गेला. काचेतून दोघं दिसत होते. अधिकारी हसत होते.
मी सवलतीतली कॉफी घेतली. पाणचट. काळजीचं कारण नाही, आमचे संबंध जुने आहेत.

१६ एप्रिल
साखर कारखान्याची ऑर्डर त्या कल्लेवाल्याला गेली. काटे आमचेच चांगले आहेत, हे अधिकाऱ्यांनी स्वतः फोनवर मान्य केलं. म्हणजे तसा विजय आपलाच.

२१ एप्रिल
आमच्या मार्गावरचं भाडं दुपटीच्या वर गेलं. सकाळचं विमान बंद. दुपारचं आहे, ते भरलं तर जातं. अकाउंट्सच्या बाईंनी नुसतं भाड्याचं पान माझ्या टेबलावर ठेवलं. हा उद्धटपणा मी नोंदवून ठेवतो आहे. संध्याकाळी साहेबांनी बोलावून सांगितलं, पुढची सूचना येईपर्यंत विमानप्रवास बंद, ग्राहकांशी व्हिडिओ कॉलवर बोला. व्हिडिओ कॉलवर वजनकाटे! आता कळेल यांना माझी किंमत. महिन्याभरात हात जोडत येतील.

३ मे
बायकोला अखेर सांगावं लागलं. सौम्य शब्दांत सांगितलं, की बाजाराची स्थिती पाहता बिझनेस क्लास थोडा पुढे ढकलावा लागेल. खरं तर साधी सीटही.
ती कपड्यांच्या घड्या करत होती. घड्या बॅगेत जात होत्या हे माझ्या उशिरा लक्षात आलं. तिचं तिकीट फेब्रुवारीतच काढलेलं आहे, मेव्हण्याच्या पॉइंट्सवर. परवाच्या विमानाचं. खिडकीजवळची सीट.
मला का सांगितलं नाही, असं विचारलं.
‘‘तुमच्या भरवशावर नातवंड थांबणार नव्हतं,’’ ती म्हणाली. मग फ्रिजमध्ये काय काय ठेवलं आहे ते सांगितलं.
सिल्व्हरवाल्याने बहिणीसाठी एवढं करावं, ठीक आहे. पण एकाच तिकिटापुरते पॉइंट्स होते, यावरून त्याची पातळी कळते.

१४ मे
नात झाली. दोघी सुखरूप. फोनवर फोटो आला. मी ऑफिसात होतो. मोठ्याने सांगितलं. सगळ्यांनी अभिनंदन केलं आणि तुम्ही इथे कसे, असं विचारलं. कामाचा डोंगर आहे म्हटलं. दिवसभरात एक व्हिडिओ कॉल होता, तोही ग्राहकाने रद्द केला.
आजच्या विमानाचं भाडं पाहिलं. ॲप बंद केलं. पुन्हा उघडून पाहिलं. वाढलेलं होतं. असल्या लूटमारीला पाठिंबा द्यायचा नाही, हे माझं तत्त्व.
फोटोत तिचे डोळे मिटलेले आहेत. नाक आमच्याकडचं वाटतं.

२ जून
मे महिन्याचे विक्रीचे आकडे आले. वाढले आहेत. मी कुठेही न जाता.
साहेबांनी मीटिंगमध्ये तक्ता दाखवला आणि माझ्याकडे बघायचं टाळलं. मी उठून खुलासा केला, की ही आधीच्या भेटीगाठींची पुण्याई आहे, फळ उशिरा दिसतं. अकाउंट्सच्या बाईंनी माझ्याकडे बिस्किटांची बशी सरकवली. त्या माझ्याशी इतक्या चांगल्या कधीच वागल्या नव्हत्या. मला ते अजिबात आवडलं नाही.

८ जून
दहा दिवसांची रजा टाकली. रेल्वेत आहे. विमानापेक्षा रेल्वे कितीतरी चांगली, माणसाला विचार करायला वेळ मिळतो. विचार नको वाटले म्हणून कोडी सोडवली. वरच्या बर्थवर बसता येत नाही, मान वाकडी होते.

१० जून
पोचलो. दार जावईबापूंनी उघडलं. बायको आतून म्हणाली, आधी हात धुवा. दोनदा धुतले. मुलीने बाळ हातात दिलं. वजनावरून अंदाज सांगितला, चार किलो शंभर. काट्यावर ठेवलं तर तेवढंच भरलं. या घरात माझी एवढी तारीफ पूर्वी झाली नव्हती. बाळ माझ्या शर्टावर ओकलं.

१७ जून
दुपार. नात माझ्या छातीवर झोपली आहे, म्हणून एका हाताने लिहितो आहे. मुलगी बऱ्याच दिवसांनी सलग झोपली आहे. बायको म्हणाली, अजून थोडे दिवस राहा, तुमच्याकडे ती शांत असते.
साहेबांना फोन लावला. कुजबुजत आठवडाभर रजा वाढवून मागितली. हातात महत्त्वाचे ग्राहक असल्याने ते कुरकुरणार हे गृहीत धरून कारणं तयार ठेवली होती.
‘‘हवी तितकी घ्या,’’ साहेब म्हणाले. लगेच. मी वाक्य पुरं करायच्या आत.
त्यांचा माझ्यावर फार विश्वास आहे, असं लिहिणार होतो. हात अवघडला आहे.