पल्लवीचं कोको बटर

२१ जानेवारी
सूनबाई पोटाला चॉकलेट फासते! सातवा महिना चालू आहे. पोट ताणतं, खाज सुटते, म्हणून प्रसेनजितने बायकोसाठी फोनवरून डबी मागवली. मी विचारलं तर पल्लवी म्हणते, "चॉकलेट नाही बाबा, कोकोच्या बियांचं लोणी हाय." पिवळट ढेप, बोटाच्या उबेने वितळते. वास असा की खाऊन टाकावं. झाडाच्या बीला इतका वास? काय मिसळलं असेल? मागच्या वर्षी पाचव्या महिन्यात तिचं पोर पोटातच गेलं. पुन्हा तसं नको. डबी माझ्या पेटीत घातली. माझी बायको अंजना चिडली — "तुमी तं पाण्याचाबी वास घेऊन पेता!"

२२ जानेवारी
शेलूबाजारला जाऊन आलो. मेडिकलवाल्या पंजाबरावने डबीवरचं बारीक वाचलं. "काका, कायले घाबरता? कोरडं कातडं मऊ होते, बस. पोटावरचे वळ जातीन असं लिहिलं हाय, त्यावर नका जाऊ. पन वरून सेंट टाकला असन तं एखाद्याले पुरळ उठते. आधी सुनेच्या कोपराजवळ थोडं लावून दोन दिस पाहा."
तिच्या कोपराला कशाला? माझा हात आहे की!

२३ जानेवारी
माझ्या डाव्या मनगटाच्या वर एक फिकट चट्टा आहे. वर्ष झालं असेल, जास्तही. लाली आली तर तिथे चटकन दिसेल. तिथेच चोळलं.

२४ जानेवारी
काही नाही.

२६ जानेवारी
आग नाही, खाज नाही, पुरळ नाही. लावताना साधं गारही लागत नाही! वस्तू निर्धोक दिसते. डबी परत दिली. "झाली का परीक्षा?" — पल्लवी. तरी जीव राहीना. दिवसभर तिला विचारत होतो, आग होते का, आग होते का. शेवटी म्हणाली, "बाबा, लोण्याची नाही, आता तुमचीच आग होऊन राह्यली!"

३० जानेवारी
पल्लवीची खाज बरीच उतरली. अंगावर काही उठलं नाही. पोटात पोर फिरतं म्हणे, लाथा मारतं. मी उगाच रान उठवलं.

३ फेब्रुवारी
आशाताई रत्नमाला घरोघरी कुष्ठरोगाची तपासणी करत आली. "कोनाच्या अंगावर चट्टा असन तं लपवू नका. लवकर कळलं तं गोळ्यांनं बरा होते." मी हात पुढे केला. पल्लवी बाजूलाच मेथी निवडत होती.
रत्नमाला म्हणाली, "डोये मिटा बाबा. पेनाचं टोक टेकवते. लागलं की सांगा."
मिटले. थांबलो. बराच वेळ झाला. मेथी निवडायचा आवाजही बंद झाला.
म्हटलं, "टेकव ना बाई आता."
"कवाची टेकवून राह्यली, बाबा."