तीनदा वजा

३ मार्च
आले एकदाची! मूलभूत विज्ञानाच्या राष्ट्रीय संस्थेत संशोधक! आईने शेजारीपाजारी सगळीकडे दवंडी पिटली असणार. राहायची खोली बरी आहे. खिडकीची कडी लागत नाही, पण टेबल ऐसपैस. प्रयोगशाळा तळघरात. तिथे जमिनीच्या पोटातली बारीकशी थरथर टिपणारं यंत्र आहे. सगळे त्याला 'कान' म्हणतात. माणसं तीनच: प्रमुख बाई, यंत्र सांभाळणारे स्क्रूकाका (खिशात कायम स्क्रू खुळखुळतात) आणि मी.

५ मार्च
आज माझी 'बैठक' झाली. कानाला आपला श्वास, काळजाची धडधडसुद्धा ऐकू येते. म्हणून खाली येणाऱ्या प्रत्येकाने आधी तासभर त्याच्याशेजारी स्वस्थ बसायचं. ती नोंद मग सगळ्या मोजमापांतून वजा होते, म्हणजे आपण तिथे नव्हतोच! पण मी आणि स्वस्थ? चुळबुळ करण्यात माझा हात कोण धरणार? तीनदा बसवलं. शेवटी काकांनीच हात टेकले.

१० मार्च
सरकतं दार मला बघून उघडत नाही. भोजनगृहात वाढप्याने मला सोडून मागच्याला वाढलं. नव्याची नवलाई आठवडाभरसुद्धा टिकली नाही म्हणायची! हसले खरी, पण जेवण गेलं नाही.

१४ मार्च
बाई काकांना म्हणाल्या, तिसरं माणूस कधी मिळणार कोण जाणे. मी समोरच बसले होते. दोनदा हाक मारली.
घाबरून वजाबाकीची यादी उघडली. बाईंची नोंद एक, काकांची एक. माझ्या तीन! काकांनी सरासरी काढायची सोडून तिन्ही तशाच भरल्यात. खाली आणखी दोन परकी नावं आहेत, त्यांच्याही तीन-तीन. एकदा वजा केलं तर ठीक. पण एकातून तीन गेले तर काय उरतं?

१६ मार्च, रविवार
आईला फोन केला. ती नुसतंच हॅलो, हॅलो करत राहिली. मग ताईला म्हणाली, कुणी बोलतच नाही गं. मी घसा फुटेस्तोवर ओरडत होते.

१९ मार्च
यादीतून नोंद काढायची किल्ली काकांकडेच असते. चिठ्ठी लिहून त्यांच्यासमोर ठेवली: माझ्या दोन नोंदी पुसा. त्यांनी कोरा कागद समजून ग्रीसचे हात पुसले —
जिन्यावर आता दोघं बसलेली दिसतात, यादीतली ती दोन नावं असणार. माझ्याकडे बघतात. तेवढी दोघंच बघतात.

२२ मार्च, सकाळ
आई आलीय! हातात डबा. रखवालदाराला सांगता येईना, कुणाकडे आलेय ते. कशाला आले तेच आठवेना हो, म्हणून ओशाळं हसली. मी हात धरला. वारा लागल्यासारखा तिने तो झटकला.
काकांना दया आली. पाणी दिलं. आता म्हणतात, मावशी, आलाच आहात तर यंत्र बघून जा —

दुपार
खाली जायचं तर आधी बैठक. आई बसलीय. डबा मांडीवर.
वयामुळे तिचे हात थरथरतात. काका म्हणाले, मावशी, पुन्हा एकदा बसता का?
दुसरी झाली —
पुन्हा थरथर. आता तिसरी. डबा पाडला की ती दचकून उठेल, बैठक मोडेल. एवढंच करायचंय. हात लांब केला की झालं.
मी करत नाहीये.
भीती माझीच वाटतेय. कारण तीनदा झालं की ती मला बघेल — फक्त मला —
काका नोंदी भरतायत. एक. दोन. आई, पळ — नको, थांब — थांब ना गं —
तिने मान वळवली. माझ्याकडे. ओठ हलले, माझं ना—