ग्रहणातलं वांगं

आत्याबाई,

गार्गीले घेऊन सकाळच्या एसटीनं अकोल्याले जाऊन राह्यली. तिच्या डोळ्याले लेझर करायचं आहे. अडवायले कोणाले पाठवू नका.

मी पोटुशी असताना ग्रहणात वांगं चिरलं, म्हणून पोरीचा डोळा अधू झाला, असं तुम्ही साऱ्या गल्लीले सांगत फिरता. डॉक्टर म्हणतात, डोळ्याच्या पडद्यातल्या रक्ताच्या नळ्या जन्मापासूनच अर्धवट वाढल्या. हे घराण्यातून येते. म्हणून मागच्या खेपेले त्यांनी आम्हा दोघांचेही डोळे तपासले. माझे साफ निघाले. तुमच्या लेकाच्या डोळ्यात तशाच नळ्या आहेत. ते तोंड उघडत नाहीत, म्हणून मीच लिहून राह्यली.

कढईत वांग्याची भाजी आहे, गरम करून घ्या.

आणि तुमचा लेक पोटात असताना तुम्ही ग्रहणात काय चिरलं होतं, तेवढं आठवून ठेवा.

तुमची सून,
श्रद्धा